मार्सेलाचं नाक

"जरा वास घेऊन बघ रे," मार्सेलाने ग्लास ओमेरच्या नाकाशी धरला. "मला आज सर्दी झालीये."

तळघरातल्या पिंपाच्या पोटाला एक बारीक भोक होतं आणि त्यात खिळा ठोकलेला होता. खिळा पकडीने ओढला की लाल धार यायची. ग्लासात चार बोटं उतरली की खिळा परत आत. ओमेरने सिगार खाली ठेवली, वास घेतला, एक घोट घेतला.

"छान आहे की."

"छान म्हणजे?"

"म्हणजे... चेरीचा वास येतोय."

"चेरीच्या बिअरला चेरीचा नाही तर काय माशांचा येणार?"

"मग मला विचारतेस कशाला?" ओमेर म्हणाला आणि सिगार उचलून जिना चढून गेला. मार्सेलाच्या या नवऱ्याने जन्मभर बस चालवली होती. कुठल्या थांब्यावर कोण चढणार हे तो झोपेतही सांगू शकला असता, पण बिअरमधलं त्याला काही कळत नव्हतं, आणि कळतं असं त्याने कधी दाखवलंही नव्हतं.

मार्सेला ग्लास धरून तशीच उभी राहिली. पिंपातली क्रीक, म्हणजे ही चेरीची आंबट बिअर, बाटल्यांत केव्हा भरायची, हे त्या घरात तिच्याशिवाय कोणी ठरवलं नव्हतं. हिवाळ्यात गहू आणि सातू शिजवायचे, हॉप्सची सुकी फुलं घालून उकळायचं, माळ्यावरच्या पसरट भांड्यात खिडकी उघडी टाकून निववायचं. पुढचं आंबवायचं काम हवेतून जे काही येऊन पडतं ते करतं. पिंपात वर्षभर मुरलं की जुलैत मागच्या झाडाच्या आंबट चेऱ्या त्यात सोडायच्या. हे सगळं कोणालाही शिकता येतं. पण रोज एकदा भोकाशी नाक नेऊन 'अजून नाही' किंवा 'आता' म्हणणं, ते तिच्याकडे वडिलांकडून आलं होतं. इस्पितळाच्या धोबीखान्यात ती कामाला होती तेव्हा चादर हातात घेतली की कुठल्या वॉर्डातली ते सांगायची. बायका मुद्दाम अदलाबदल करून तिची परीक्षा घ्यायच्या, आणि हरायच्या.

जानेवारीत रस्त्यावर काचेसारखा बर्फ धरला होता. तिची सायकल घसरली आणि डोक्याची मागची बाजू पदपथाच्या कडेवर आपटली. दोन दिवस इस्पितळात ठेवून घेतलं. निघताना डॉक्टर म्हणाले, "नशीबवान आहात." नंतर हेही म्हणाले, की वासाच्या नसा धाग्यासारख्या असतात, अशा धक्क्याने तुटतात, आणि या वयात परत जुळतील असं वाटत नाही. मार्सेलाने आभार मानले. घरी येऊन तिने ओमेरला फक्त नशीबवान असल्याचं सांगितलं. मग कॉफी केली. कॉफी म्हणजे गरम, कडू पाणी होतं.

जिभेला आंबट, गोड, खारट, कडू कळत होतं. पण क्रीक मुळातच आंबट. कच्च्या सफरचंदाचा आंबट, दह्याचा आंबट, व्हिनेगरचा आंबट, यांतला फरक नाक सांगतं. जिभेला सगळे सारखेच. मार्चमध्ये तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि बाटल्या भरून टाकल्या.

जूनच्या अखेरीस गावची जत्रा. त्या रविवारी गल्लीतली माणसं मार्सेलाच्या अंगणात जमतात, हे तिच्या वडिलांच्या वेळेपासूनचं. टेबलं मांडली गेली, ब्रेडवर ताजं चीज आणि लाल मुळ्याच्या चकत्या आल्या, बेकरीवाली रोझाना टार्ट घेऊन आली. मार्सेलाचा धाकटा भाऊ स्ताफ नेहमीप्रमाणे उशिरा आला, सदऱ्यावर कबुतराचं एक पीस घेऊन. स्ताफने आयुष्यभर गावातली छपरं कौलांनी शाकारली होती आणि आता तो शर्यतीची कबुतरं पाळत होता.

पहिला घोट स्ताफचा, असा रिवाज होता. तो घोट घ्यायचा, डोळे मिटायचा, सगळे थांबायचे. मग तो म्हणायचा, "गेल्या वर्षीची बरी होती." सगळे हसायचे. मार्सेला म्हणायची, "मग गेल्या वर्षीचा ग्लास घेऊन ये," आणि जत्रा सुरू व्हायची.

त्या दिवशी स्ताफने घोट घेतला. डोळे मिटले नाहीत. ग्लास तळापर्यंत रिकामा केला आणि मिशा पुसल्या.

"छान झालीये, मार्सेला," तो म्हणाला. "खरंच छान."

कोणी हसलं नाही.

"आणि रंग तर बघा!" रोझाना घाईने म्हणाली. "माणकासारखा रंग!"

मार्सेलाने सगळ्यांकडे पाहिलं. माणसं मोठमोठे घोट घेत होती, औषध घेतात तसे, आणि लगेच मुळा चावत होती. तिने आपला ग्लास उचलला आणि तीही प्यायली. मग टार्ट कापून सगळ्यांना वाढला. स्ताफने दुसरा ग्लास मागितला, तो त्याला भरून दिला. मात्र ओमेर आणखी बाटल्या आणायला उठला तेव्हा ती म्हणाली, "राहू दे. ऊन आहे, लिंबू सरबत करते."

पाहुणे गेले तेव्हा अंगणात अजून उजेड होता. ती ग्लास विसळत होती, ओमेर पुसत होता.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

"काय?"

"ओमेर."

तो थोडा वेळ एकच ग्लास पुसत राहिला. "फेब्रुवारीत दूध करपलं. घरभर धूर झाला. तू शेजारी उभी राहून बटाटे सोलत होतीस."

"मग बोलला का नाहीस?"

"तू कुठे बोललीस?"

तिने नळ बंद केला. "आणि बिअर?"

"बाटली स्ताफला नेऊन दिली. मला काय कळतंय त्यातलं? पुढचं सगळं त्याने केलं."

पुढचं म्हणजे काय, हे तिला सकाळी स्ताफच्या तोंडून कळलं. ती चालत त्याच्या घरी गेली. सायकलला तिने जानेवारीपासून हात लावला नव्हता. स्ताफ कबुतरखान्यात खरवडणी घेऊन वाकला होता.

"घरोघरी जाऊन सांगितलंस?" तिने दारातूनच विचारलं.

"घरोघरी नाही. रोझानाला सांगितलं. ती एकटी पुरते."

"सगळ्या गल्लीने माझी कीव केली."

"कीव?" स्ताफ सरळ झाला. "अगं, दोन ग्लास प्यायलो मी. पोटात आग पडली होती नुसती. त्याला कीव म्हणतात?"

"काय झालंय बिअरला? खरं सांग."

"नखांचा रंग काढायचं औषध असतं ना, बायकांचं? तसा वास येतो. मागून व्हिनेगर."

मार्सेलाने मान हलवली. हवा शिरली असणार. पिंप वरपर्यंत भरलेलं राहिलं नव्हतं, आणि वासावरून ओळखून ते लगेच भरून घेणं तिला जमलं नव्हतं. म्हणजे तळघरात ती रोज उभी राहिली आणि बिअर तिच्यासमोर बिघडत गेली. ती धान्याच्या पोत्यावर बसली. एक कबूतर तिच्या बुटाजवळ येऊन दाणे टिपू लागलं.

"दुसरं पिंप आहे," शेवटी ती म्हणाली. "गेल्या वर्षीचं, साधं. चेऱ्या पिकायला आल्यात. बुधवारी ये."

"मी? मी येऊन काय करू?"

"वास घे. आणि मला सांग."

स्ताफ हसला, पण ते हसू धड नव्हतं. "बाबा काय म्हणायचे आठवतंय ना? स्ताफचं नाक म्हणजे चष्मा अडकवायची खुंटी."

"असं कधी म्हणाले?"

"पिंपं तुला दिली त्या दिवशी. सगळ्यांसमोर. सगळे हसले. मीसुद्धा."

मार्सेलाला खरंच आठवत नव्हतं. ती त्या दिवशी नुसती खूश होती. "मग खुंटीला कालचा वास आला कसा?" तिने विचारलं.

"एवढा घाण होता की खुंटीलासुद्धा आला."

आधी मार्सेला हसली, मग स्ताफ.

मंगळवारी तिने आणि ओमेरने सगळ्या बाटल्यांची बुचं काढून त्या मागच्या चरात ओतल्या. चर दोन दिवस लाल होता. गल्लीतून जाणाऱ्या कोणी त्याबद्दल विचारलं नाही.

बुधवारी स्ताफ आला, स्वच्छ सदरा घालून. तिने खिळा ओढला, ग्लास त्याला दिला.

"बिअरसारखा," तो म्हणाला.

"अरे, पण कसा?"

"छान."

"छान म्हणालास तर घरी जा."

त्याने परत नाक घातलं. कपाळाला आठ्या पडल्या. "गवताची गंजी. जरा ओली. आत हात घातला की गरम लागते ना, ती."

"बरं. अजून?"

"घोडा."

"कुठला? घाम आलेला की तबेल्यातला?"

स्ताफला विचार करावा लागला. "खोगीर नुकतं काढलेला."

"व्हिनेगर?"

"नाही."

"नीट बघ."

"नाही म्हटलं ना!"

"मग चेऱ्या घालू," मार्सेला म्हणाली. मग पिंपाच्या वरच्या भोकातून दोघं एकेक मूठ चेऱ्या आत सोडत राहिली. हात कोपरापर्यंत लाल झाले. ओमेर जिन्यावर बसून देठ खुडून देत होता.

त्यानंतर स्ताफ दर बुधवारी येऊ लागला. ती प्रश्न विचारून त्याला बेजार करायची. तो चिडायचा, म्हणायचा, एवढं तर पोलीससुद्धा विचारत नाहीत. पण हळूहळू तो शब्द घेऊनच येऊ लागला. एकदा कौलांखालच्या शेवाळाचा वास म्हणाला, तेव्हा तिने लगेच पिंप वरपर्यंत भरून घ्यायला लावलं. ऑक्टोबरात एकदा तिने सांगितलेलं त्याला पटलं नाही, त्याने सांगितलेलं तिला पटलं नाही, आणि पुढच्या बुधवारी तो आलाच नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी टार्ट घेऊन आला.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी त्याने ग्लास नाकाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला.

"काय रे? बिघडली?"

त्याने नकारार्थी मान हलवली. "बदाम," तो म्हणाला. "चेरीची बी दाताखाली फुटली की येतो तो. मग थंड दगड." त्याने परत वास घेतला. "बाबा पिंपं धुऊन वर यायचे, तेव्हा कोटाला एक वास यायचा. मी दार उघडायला पळायचो आणि कोटात तोंड खुपसायचो. तो येतोय."

मार्सेलाने त्याच्या हातातून ग्लास घेतला. सवयीने नाकाशी नेला आणि तिथे काहीच नव्हतं. तिने एक घोट घेतला. थंड होतं, आंबट होतं, जिभेला टोचत होतं.

"उद्या बाटल्या भरू," ती म्हणाली. तिने ग्लास त्याला परत दिला आणि रिकामा क्रेट उलटा करून त्यावर बसली. "आता अजून सांग. सावकाश."

स्ताफने डोळे मिटले. वरून ओमेरने जेवायला हाक मारली, थोड्या वेळाने परत मारली. दोघांपैकी कोणीच ओ दिली नाही.