विहाराजवळच्या हातपंपाचे नाव

मी एक जुना संगणक-प्रोग्राम आहे. एका पानावर मावेन एवढाच. पण माझा तोरा विचारू नका!

मित्रांनो, माझा जन्म जबलपूरला, रांझीतल्या एका पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत झाला. तिथल्या यंत्राचा प्रोग्राम 'सी' भाषेतला होता आणि निष्कर्ष काढायचे काम संख्याशास्त्राच्या 'आर' भाषेत चाले. आकडे दोघांनाही सहज समजत. बाटल्यांवरच्या नावांचे मात्र जमेना, कारण अक्षरे सांभाळायची दोघांची रीत वेगळी. म्हणून तिथेच काम करणाऱ्या विनताताईंनी मला लिहिले. 'सी'कडून नाव घ्यायचे आणि 'आर'च्या हाती द्यायचे, हे माझे काम.

'आर'च्या घरात अधूनमधून झाडलोट होते. ज्या वस्तूवर कुणी हक्क सांगितलेला नाही ती केर समजून टाकतात आणि तिच्या जागी दुसरी ठेवतात. म्हणून नाव पोहोचेपर्यंत "हे माझ्याकडे आहे, हात लावू नका" असे बजावावे लागते. नेमकी तीच ओळ लिहायची ताई विसरल्या. चार बाटल्यांवर माझी परीक्षा झाली, तेव्हा झाडलोटीची वेळच आली नाही. मी ऐटीत पास झालो.

उन्हाळ्यात बाटल्यांचा ढीग आला. अहवाल निघाला आणि ताई थबकल्या. शाळेजवळच्या हातपंपाचे नाव दोनदा आले होते, विहाराजवळच्याचे एकदाही नाही.

"काहून थांबून राहिली, विनता? रिपोर्ट आजच द्यायचा आहे न," प्रयोगशाळेचे प्रमुख भैयालालजी म्हणाले.

"भैयालालजी, शाळेच्या नावावर एक पाणी चांगलं अन् एक खराब दिसून राहिलं. खराब पाणी विहाराजवळचं असलं तर? चांगला पंप बंद होईल अन् विहाराजवळची लेकरं खराब पाणी पीत राहतील."

"अच्छा? मग नको देऊ. चलो, उशिराचं मी पाहून घेतो."

मग ताईंनी काय केले, ठाऊक आहे? त्यांनी 'आर'ला पावलोपावली झाडलोट करायला लावली. माझी पुरती भंबेरी उडाली. एकही नाव धड पोहोचेना. दडून बसलेली चूक लगेच उघडी पडली. "मीच विसरली," असे ताईंनी सगळ्यांसमोर सांगितले आणि ती ओळ लिहिली. अशा माणसाच्या हातून घडलो याचा मला फार अभिमान वाटतो.

खराब पाणी विहाराजवळचेच निघाले. हे पाणी पिऊ नये, याची खूण म्हणून त्या पंपाला लाल रंग लागला.

आता नावे पोहोचवायला नवी, तयार साधने आली आहेत. मला कुणी उघडूनही पाहत नाही, याचे वाईट वाटते. तरी मित्रांनो, एक विनंती आहे. जुन्या कामातली एखादी ओळ बिनकामाची दिसली, तर पुसण्याआधी ती का लिहिली ते विचारा. माझ्यातल्या एका ओळीमुळे विहाराजवळची लेकरे आज थोडे लांब चालतात आणि चांगले पाणी पितात.