तळमजल्यावरची खोली

आमच्या लेकीचं, ऊर्मीचं लग्न झालं ते २००६ साल. लग्नाचा हॉल मराठी मंडळानं मिळवून दिला होता, म्हणून त्या वर्षी मी मंडळाची एकही सभा चुकवली नाही.

आमच्या या तामिळ शहरात, एग्मोर स्टेशनच्या मागे मंडळाची एक खोली आहे, तळमजल्यावर. महाराष्ट्रातून इलाजाला येणाऱ्या रोग्यांसाठी ती ठेवलेली, एवढाच नियम. जूनअखेर एका बुधवारी तंजावरच्या कामाक्षीबाई मंडळात आल्या. त्यांचे यजमान राणोजी यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि मुक्काम लॉजच्या तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. आमची खोली तेव्हा रिकामीच होती.

"रोगी महाराष्ट्रातून आलेला पाहिजे," अध्यक्ष विद्याधर म्हणाले. ते बँकेतले, नियमाला पक्के.

"आम्ही तिथूनच की आलों, अण्णा. तीनशे वर्षं झालीं, इतकंच."

"म्हणजे गाडी जरा लेट झाली," मी म्हणालो. विद्याधरही हसले, पण किल्ली काही खिशातून निघाली नाही.

मंडळाची जुनी रीत अशी, की नियम बदलायचा तर एकमतानं. एक हात जरी विरोधात गेला तरी विषय बारगळतो. रविवारी सभा बसली. मी मांडलं, 'महाराष्ट्रातून आलेला' काढा आणि 'मराठी माणूस' घाला.

सचिव शर्मिष्ठाबाई म्हणाल्या, "वाढवायचंच तर फक्त रोगीच का? शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यांत आपली मुलं नोकरीला येतात, त्यांना पाठ टेकायला जागा नाही."

"मंडळ म्हणजे काय लॉज आहे?" जुने सभासद मानाजीराव म्हणाले.

"मग काय दवाखाना आहे?"

"भजनाला तरी द्या. घरी सून रागावते."

"सून रागावते ती तुमच्या आवाजाला, मानाजीराव!"

दुपारपर्यंत मला कळेना, आपण खोलीबद्दल बोलतोय की मराठी कोण याबद्दल. ज्याचं ऐकावं त्याचं पटत होतं. शेवटी सगळ्यांचं सगळं मान्य केलं तेव्हा कुठे एकमत झालं: कोणीही मराठी माणूस, कुठल्याही कामासाठी, आधी येईल त्याला खोली. मी हात वर केला, टाळ्याही वाजवल्या.

बाहेर आलो तर पायरीवर चौघे डिप्लोमावाले तरुण बॅगा घेऊन बसलेले. सकाळच्या गाडीनं उतरले होते. विद्याधरांनी त्यांना किल्ली दिली.

"अहो, बाई बुधवारीच आल्या होत्या," मी म्हणालो.

"बुधवारी त्या नियमात बसत नव्हत्या. नियम आजपासून. आज दारात आधी कोण?"

मी लॉजवर जाऊन कामाक्षीबाईंना सांगितलं.

"बुधवारी खोली होती, आम्ही मराठी नव्हतों," त्या म्हणाल्या. "आज मराठी झालों, तर खोली गेली. सरि, असूं दे." आणि राणोजींचे पाय चेपू लागल्या.

मी पुन्हा सभा मागितली. खोली पुन्हा फक्त रोग्यांची करा म्हटलं. तोवर ते चौघेही मंडळाचे सभासद झाले होते. त्यांचे हात विरोधात गेले.

"आजोबा, आम्ही कुठे जायचं?" त्यांच्यातला एक म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं. लॉज सोडून आमच्या घरी चला, असं मी राणोजींना म्हटलं. पण आमचं घरही दुसऱ्या मजल्यावर, आणि आमचाही जिना अरुंद.

डायलिसिसला न्यायला लॉजवाले राणोजींना खुर्चीत बसवून खाली उतरवायचे. खुर्ची हलली की त्यांना धाप लागायची. एकदा राणोजी म्हणाले, आज नको, पुढच्या वेळी जाऊ. मग आणखी एकदा म्हणाले.

नियम अरुंद होता तेव्हा ते बाहेर राहिले, रुंद केला तेव्हाही बाहेरच राहिले. तो किती रुंद हवा होता, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

तंजावरचे राणोजी ९ ऑगस्ट २००६ रोजी सकाळी एग्मोरच्या लॉजमध्ये, तिसऱ्या मजल्यावर वारले.