पुरुषाचा डावा अंगठा

बहात्तर साली मुळाकाठच्या एका गावात देवीची लस टोचणारे आले आणि तेव्हापासून सहादेवाचा डावा खांदा जो धरला तो धरलाच. उसाची मोळी सोडा, हात पागोट्यापर्यंतही जाईना. नुकसानभरपाईचा अर्ज लिहून घेऊन तो बायकोसह तालुक्याच्या कचेरीत गेला. अंगठ्यासाठी त्यानं उजवा हात पुढं केला, तर कारकून खेकसला, "उजवा बायांचा. पुरुषाचा डावा लागतो."

"आवो सायेब, डावा उचलत न्हाई म्हून तर आलोय!"

"ते अर्जात आहे. आधी अर्जावर अंगठा."

मग मालनबाईनं नवऱ्याचं कोपर धरलं, शिपायानं मनगट, आणि भरलं पोतं चढवावं तसा तो हात टेबलावर चढवला. सहादेव ओरडत असतानाच कारकुनानं अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला.

महिन्यानं निकाल घ्यायला दोघं पुन्हा गेले. कारकुनानं वाचून दाखवलं, "ज्याअर्थी अर्जदाराने डाव्या हाताचा अंगठा स्वच्छ उठवला आहे, त्याअर्थी डावा हात चालू आहे. अर्ज नामंजूर."

सहादेवाच्या तोंडून शिवीच निघाली. कारकुनानं शांतपणे निकाल मिळाल्याची पोचवही पुढं सरकवली, आणि शिपायानं न सांगता सहादेवाचं डावं मनगट धरलं.