कुलूपवाल्याला किती गुण

कुलूपवाल्याला मीच जन्माला घातलं, संस्थेच्या पहिल्या वर्षी, दुपारचा डबा खाता खाता. आमचं काम म्हणजे देशात कायद्याचं राज्य किती उरलंय ते दरवर्षी मोजायचं. वकील, पत्रकार, निवृत्त न्यायाधीश अशा जाणत्या माणसांना प्रश्न पाठवायचे, त्यांनी शून्य ते दहा गुण द्यायचे, त्यावरून आम्ही निर्देशांक काढायचा. पण गुण देणाऱ्यांची नजरच बदलली तर? कापड मोजायला बसलो आणि गजच आखूड होत चाललाय, असं व्हायला नको. म्हणून प्रश्नांसोबत एक रचलेली गोष्ट जायची. दरवर्षी तीच, काना-मात्रा न बदलता.

गोष्ट अशी: एका कुलूपवाल्याला साध्या कपड्यांतले लोक दुकानातून घेऊन जातात. कारण सांगत नाहीत. घरचे ठाण्याठाण्यांत विचारत फिरतात, कोणी दाद देत नाही. चौथ्या दिवशी त्याला सोडतात आणि चूक झाली म्हणतात. अशा देशाला किती गुण द्याल?

पहिल्या वर्षी जवळपास सगळ्यांनी दोन दिले होते. पुढे तीन झाले, मग चार. इतक्या हळू की कोणाच्या लक्षात येऊ नये. यंदा सरासरी सातावर गेली. समासात शेरे होते: ‘परत आला ना.’ ‘मारहाण दिसत नाही.’ एका विद्वानाने तर ‘चूक मान्य केली, हे विशेष’ असंही लिहिलं होतं. देशाचा निर्देशांक मात्र आम्ही वर्षानुवर्षं ‘स्थिर’ म्हणून छापत होतो.

त्या सातानंतर कुलूपवाला मला दिसायला लागला. भर दुपारी, ऑफिसात, झेरॉक्स मशीनपाशी. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हाताला तेल. तो तक्रार करायचा नाही. कोणीतरी आपल्याला काही विचारेल, अशा चेहऱ्याने नुसता उभा असायचा. आमची आकडेमोड करणाऱ्या सहकाऱ्याला मी हे सांगितलं. ऑफिसात त्याला सगळे पंतोजी म्हणतात.

“मग हजेरीपटावर घेऊ या की त्याला, ताई,” पंतोजी म्हणाला.

मी हसले. पण झेरॉक्स काढायला दुसऱ्या कोणाला तरी पाठवायला लागले.

सगळे सातावर गेले तरी एकजण जागचे हलले नव्हते. एक निवृत्त न्यायाधीश. दरवर्षी दोन देतात म्हणून ऑफिसात त्यांचं नाव दोनसाहेब पडलं होतं. समासात त्यांचे तेच तीन प्रश्न असायचे: कोणी नेलं? कोणाच्या हुकमावरून? नेणाऱ्यांचं पुढे काय झालं?

आणि आमचा नियम असा की ज्याचे गुण बाकीच्यांपासून फार लांब पडतात, त्याचा अंदाज बिघडला असं समजून त्याला वगळायचं. हा नियमही माझाच. पंतोजीने त्यांचा कागद माझ्यापुढे ठेवला.

“म्हातारबुवांना काढू या. सही करा.”

मी भडकले. “अरे, एवढा एकच गज सरळ उरलाय आणि आपण तोच फेकतोय. उलट त्यांच्या मापाने मोज सगळं. निघेल तो आकडा छापू.”

“फार खाली येईल तो, ताई.”

“येऊ दे.”

दोन दिवसांनी दुपारी वहिनीचा फोन आला. माझ्या दादाचं चष्म्याचं दुकान आहे. “ताई, दोघं आले आणि यांना घेऊन गेले,” ती म्हणाली. “चष्मा इथेच काउंटरवर राहिलाय. त्याच्याशिवाय यांना पायरीसुद्धा दिसत नाही हो.”

मी ठाण्यांचे उंबरे झिजवले. सगळीकडे एकच उत्तर, असा कोणी इथे नाही. एका ठाण्यात साहेबांनी माझं कार्ड सावकाश वाचलं. “तुम्हीच ना त्या, देशाला मार्क देणाऱ्या?” म्हणाले आणि बसायला खुर्ची दिली. त्या खुर्चीवर बसल्यावर मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. दादाला माझ्यामुळे नेलं की खरंच चुकून, हे मला आजही माहीत नाही.

आठवडा उलटल्यावर त्याच साहेबांचा फोन आला. “घेऊन जा. नावात गफलत झाली होती.”

ठाण्याच्या फाटकात दादा दिसला आणि माझा जीव भांड्यात पडला. मी साहेबांचे आभार मानले. आपल्याच भावाला आपल्याला परत दिलं म्हणून, आणि अगदी मनापासून. ते हसले. “यंदा पेपर जरा हलक्या हाताने तपासा, मॅडम.”

घरी वहिनीने दादाच्या नाकावर चष्मा चढवला आणि त्याचे हातपाय चाचपून पाहिले.

“मारलं का?”

“नाही.”

“मग विचारलं तरी काय?”

“काहीच नाही,” दादा म्हणाला. “मी वाट बघत होतो, कोणीतरी काहीतरी विचारेल म्हणून.”

मी आतल्या खोलीत जाऊन दोनसाहेबांना फोन लावला. मला कोणीतरी चिडायला हवं होतं. ते तीन प्रश्न त्यांनी कडाडून विचारावेत, म्हणजे माझ्याही पाठीत कणा येईल, असं वाटत होतं. ठाण्यातल्या साहेबांचं ते पेपर तपासायचं वाक्यसुद्धा मी त्यांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“परत आला ना, पोरी?” त्यांनी विचारलं.

“आला.”

“अंगाला हात लावला नाही ना?”

“नाही.”

“मग झालं तर. झोपू दे त्याला.”

“सर, तुम्ही असं म्हणताय?”

“फोन ठेव आता,” ते हळूच म्हणाले.

सोमवारी पंतोजी पाकीट नाचवतच आला. दोनसाहेबांनी नवा कागद पाठवला होता. आधीचे गुण रद्द समजावेत, आणि कुलूपवाल्यासमोर सात. समास कोरा. “आता कोणाला काढायलाच नको,” पंतोजी म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती. “सगळे एका रांगेत आले. स्थिर. छापू ना?”

ते सात त्यांनी माझ्या दादासाठी दिले होते. इतकी वर्षं ज्या माणसाला कोणी हलवू शकलं नाही, तो माझ्या एका फोनने हलला, तोही मायेपोटी. आता दोन म्हणणारं कोणीच उरलं नव्हतं. मी म्हणू शकले असते. मी तोंड उघडलं, आणि मला काउंटरवर एकटा पडलेला चष्मा दिसला.

“छाप,” मी म्हणाले.

झेरॉक्स मशीनपाशी आता दोघं उभे असतात. कुलूपवाल्याच्या शेजारचा दोन्ही हातांनी पुढची हवा चाचपत असतो. तो दिसला की मी घरी फोन लावते.

“वहिनी, दादा आहे ना तिथे?”

“दुकानात आहेत.”

“तू स्वतः पाहिलंस?”

“अहो ताई,” वहिनी दर वेळी समजुतीने म्हणते, “परत आलेत ना ते.”