सहा फोनांचं पुस्तक

सकाळची जपमाळ संपवून इस्मेनिया चिग्वायने मेणबत्ती विझवली, पदराखालून काढावा तसा स्वेटरखालून फोन काढला आणि पुस्तक उघडायला गेली. फोनने कालचंच उत्तर दिलं. या खात्यावर आणखी उपकरण नोंदवता येणार नाही.

"काय म्हणतोय?" शेगडीपाशी बसलेल्या तिच्या नवऱ्याने, एर्मेलिंदोने, विचारलं.

"जागा नाही म्हणतोय."

"पुस्तकात जागा नाही? पुस्तक काय लाँच आहे, माणसं मोजून घ्यायला?"

इस्मेनियाला हसू आलं नाही. ते पुस्तक किनारी बोटीच्या तांडेलाच्या परीक्षेचं होतं आणि परीक्षा येत्या गुरुवारी होती. काचबिंदूने एर्मेलिंदोची नजर नेली, तिच्यामागून त्याचा परवानाही गेला. परवानावाला तांडेल नसेल तर बंदर कचेरी बोट सोडत नाही. त्यांची बोट केवी बेटाच्या वाळूवर एका अंगावर कललेली होती आणि इस्मेनियाचा दीर बोटीला गिऱ्हाईक घेऊन येतो म्हणाला होता. आयुष्यभर नवऱ्याच्या शेजारी उभं राहून इस्मेनियाने सुकाणू धरलं होतं. आता नुसता कागद हवा होता. आणि कागदाची वाट त्या पुस्तकातून जात होती.

बेटावर बोलण्याइतकी रेंज मिळते ती चर्चच्या पायरीवर. तिथे शाल घट्ट ओढून तिने पुस्तकवाल्या कंपनीला फोन लावला. पलीकडे सांतियागोतली यास्ना नावाची मुलगी होती, आवाजाने गोड.

"बाई, आपल्या खात्यावर सहा उपकरणं नोंदलेली आहेत. एका पुस्तकाला सहाच चालतात."

"सहा? पोरी, माझ्याकडे एकच फोन आहे. तोही अर्धा मिठाने खाल्लेला."

"थांबा, बघते. पहिलं एक कॉम्प्युटर आहे."

"ते मुलीचं. तिनेच पुस्तक घेऊन दिलं. ते केव्हाच मोडीत गेलं."

"मग एक काळा फोन. त्यात पुस्तक उघडून बाहेर पडण्याचं बटण दाबलं की जागा मोकळी होईल."

"तो समुद्रात आहे गं. शिंपल्यांचा दोर ओढताना खिशातून गेला. बटण दाबायला मासे बोटं कुठून आणणार?"

यास्ना खुदकन हसली, मग घसा साफ करून पुढे वाचू लागली. त्यापुढचे तीन फोन एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे होते. इस्मेनियाने कपाळावर हात मारला. तो एकच फोन, तिच्या हातातला. खारं पाणी शिरलं की ती कास्त्रो शहरातल्या दुरुस्तीवाल्याकडे जायची, आणि तो बाबा आधी सगळा फोन पुसून काढायचा, मग बघायचा बिघाड कुठे आहे. परवाही त्याने तेच केलं होतं.

"पुसलेला फोन आम्हाला नवाच दिसतो, बाई. तोच माणूस नाव बदलून परत रांगेत उभा राहिल्यासारखा."

"मग दुसरं पुस्तक विकत घेते."

"ती आवृत्ती आता विक्रीला नाही. नवी पुढल्या वर्षी येईल. मी अर्ज घालते सगळं मोकळं करायचा, पण त्याला महिना तरी जातो." ती जरा थांबली. "पण एक उपकरण उरलंय की. पांढरा फोन. तो जिवंत आहे, बाई. कालच त्याच्यावर पुस्तक उघडलं होतं."

इस्मेनिया पायरीवरून उठलीच. आपला जुना पांढरा फोन तिने गेल्या सणाआधी रोसाल्बाला दिला होता.

रोसाल्बा रेमोल्कोय शेजारच्या चेलीन बेटावरची. इस्मेनियाच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या पाण्यापाशी तिनेच हातांवर धरलं होतं, त्या दिवसापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. गेल्या सणापर्यंत. सणाला संताची मूर्ती चेलीनला दरवर्षी इस्मेनियाच्या बोटीतून जायची. गेल्या वर्षी चेलीनच्या मंडळींनी, आणि त्यांत रोसाल्बा पुढे, मूर्ती नव्या इंजिनाच्या कुणा दुसऱ्याच्या बोटीत चढवली. इस्मेनियाने धक्क्यावर उभ्या उभ्या पाठ फिरवली, ती आजवर वळली नव्हती. रोज प्रार्थनेत 'जशी आम्ही क्षमा करतो' हे शब्द आले की तिची जीभ जडावायची, आणि ती ते शब्द घाईने ओलांडून जायची, चिखलातून जावं तसं.

"मुद्दाम जागा अडवून बसलीय," घरी येऊन ती म्हणाली.

"असेल. नाहीतर विसरली असेल. जाऊन विचार."

"मी? तिच्या दारात? मेले तरी जाणार नाही."

"बरं," एर्मेलिंदो शांतपणे म्हणाला. "मग बोट विकू. तुझं नाक तेवढं ठेवू, त्यावर बसून शिंपले काढायला जाऊ."

तिने माते नावाच्या कडू चहाचं भांडं त्याच्या हातात जरा जोरातच ठेवलं. पण दुसऱ्या दिवशी जपमाळेत ते शब्द आले तेव्हा तिला पुढे जाता येईना. मग उरलेली माळ खिशात घालून चेलीनच्या लाँचला गेली.

रोसाल्बा अंगणात बटाटे सोलत बसली होती. तिने वर पाहिलं, सुरी खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"ये, कोमाद्रे. वाट चुकलीस की काय?"

"फोनसाठी आलेय."

"माझ्यासाठी येशील असं मला वाटलंच नव्हतं. आत ये, थंडी आहे."

आत शेगडीवर बटाट्याचे थापलेले मिल्काओ भाजत होते. इस्मेनियाने उभ्यानेच सगळं सांगितलं, समुद्रातला फोन, दुरुस्तीवाला, गुरुवार. रोसाल्बाने एकदाही अडवलं नाही. ऐकून झाल्यावर तिने उशीखालून पांढरा फोन काढला आणि टेबलावर पुढे सरकवला.

"घे. कुठलं बटण ते तूच दाब. मला त्यातलं कळत नाही."

इस्मेनियाने पुस्तक उघडलं. कोपऱ्यात बटण होतंच. पण पान तिच्या ओळखीचं होतं. हा फोन तिच्याकडे होता तेव्हा तिनेच पिवळ्या रेघा ओढून बाजूला लिहिलं होतं, 'लाल दिवा कुठल्या बाजूला, माझ्या लक्षात राहत नाही.' आणि खाली दुसऱ्या कुणीतरी लिहिलं होतं, 'अगं डावीकडे. हृदयाच्या बाजूला.'

तिने पान उलटलं. 'धुक्यात किती वेळाने भोंगा द्यायचा, पुन्हा बघ,' हे तिचं. 'मी बघितलं. मला पाठ झालं,' हे रोसाल्बाचं. असं पानापानावर. पुस्तकात दोघी वर्षभर बोलत होत्या आणि त्यातल्या एकीला पत्ताच नव्हता.

"हे काय गं?"

रोसाल्बा मिल्काओ उलटत राहिली. "सणानंतर तू बोलायचं बंद केलंस. फोनमध्ये बघते तर तुझे प्रश्न. एवढी मोठी बाई आणि काय वेडगळ विचारते, म्हणून उत्तरं द्यायला लागले. मग पुढचं काय लिहिलंय ते बघावंसं वाटलं. मग म्हटलं, नवरा तर दक्षिणेला मासळीच्या कारखान्यात कामाला, सहा सहा महिने येत नाही. मी का नाही शिकायचं?"

"म्हणजे तुलाही तांडेल व्हायचंय?"

"हसू नकोस."

"मी हसतेय का?"

"आतून हसतेयस. दाब ते बटण आणि हो मोकळी. तुझी परीक्षा गुरुवारी आहे. माझं काय, नवी आवृत्ती येईलच."

इस्मेनिया बटणाकडे बघत राहिली. एका बाजूला तिची बोट होती, दुसऱ्या बाजूला ही बाई, जिने एका शब्दानेही 'नको' म्हटलं नव्हतं. बटण दाबलं की रोसाल्बाची सगळी उत्तरं या फोनमधून जातील. तिने फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

"तुझ्याकडे जास्तीचं अंथरूण आहे?" तिने विचारलं.

"का?"

"गुरुवारपर्यंत राहते. तू वाच, मी ऐकते. नाहीतरी या वयात बारीक अक्षरं कुणाला दिसतात!"

"आणि तुझा नवरा? खाईल काय?"

"चार दिवस बटाटे उकडून खाईल. नाकावरून बोलला आहे मला, भोगू दे."

तेव्हा कुठे रोसाल्बा हसली, आणि संताच्या बोटीचा विषयही त्याच दुपारी निघाला. जुन्या बोटीत पाणी शिरत होतं, मूर्ती भिजेल म्हणून आम्ही घाबरलो, तुला सांगायचं धाडस झालं नाही, असं ती म्हणाली. इस्मेनिया म्हणाली, पाणी शिरत होतं हे खरं आहे. मग दोघी भोंग्याच्या प्रकरणाला लागल्या.

सगळ्यांत छळलं ते लाल रंगाने. बोटीचा लाल दिवा डावीकडे हे आता बसलं, पण बंदरात शिरताना पाण्यावर तरंगणारा लाल बोया उजवीकडे ठेवायचा, इथे इस्मेनिया दर वेळी अडखळायची.

"हे बघ," रोसाल्बाने वाचन थांबवलं. "चर्चमध्ये शिरताना क्रूस कुठल्या हाताने करतेस?"

"उजव्या."

"बंदरही तसंच. आत शिरताना तो हात लालकडे. घरी आलीस म्हणून."

गुरुवारी कास्त्रोच्या बंदर कचेरीत दोघी मिळूनच गेल्या. लेखी पेपर झाला, मग तोंडी. गणवेशातल्या अधिकाऱ्याने नकाशा पुढे सरकवला. "बाई, बंदरात शिरताय. लाल बोया कुठे?"

इस्मेनियाचा उजवा हात आपोआप कपाळाकडे निघाला होता. तो तिने अर्ध्यावर थांबवला आणि तसाच उजवीकडे नेला. "इकडे."

अधिकाऱ्याने तिच्याकडे जरा चमकून पाहिलं. मग खूण केली आणि पुढचं विचारलं.

संध्याकाळ व्हायच्या आत निकाल सांगितला. पास. इस्मेनियाने लगेच एर्मेलिंदोला फोन लावला; तो चर्चच्या पायरीवर वाटच बघत होता, ऐकून नुसता नाक ओढत राहिला. मग म्हणाला, "भावाला सांगतो, गिऱ्हाईक परत ने. आणि तू लवकर ये, बटाट्यांचा कंटाळा आला."

ती वळून बघते तर रोसाल्बा खिडकीपाशी. पांढरा फोन छातीशी धरून, टाचा उंचावून ती कारकुनाला विचारत होती,

"साहेब, पुढची परीक्षा कधी आहे? नाव कुठे द्यायचं?"