पडेगावात बसून अमेरिकेचं खातं

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, माझं कौतुक करणारं माणूस आता या घरात नाही. त्यामुळे माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

पडेगावच्या या घरात मधुसूदनरावांनी मला आणलं ते बायकोसाठी. भानुमतीबाईंना टाइप करता येत नव्हतं. त्या माइकसमोर बसून अमेरिकेतल्या नातीला, चारुताला, गोष्टी सांगायच्या. मधुसूदनराव त्या माझ्यातल्या मेलच्या सॉफ्टवेअरमधून पाठवायचे. फुकटचं खातं त्यांच्या मुलानं, हिमांशूनं, तिकडे बसून उघडलं होतं. देश विचारला तेव्हा त्यानं आपला भरला, अमेरिका. सुट्टीत इकडे आला तेव्हा पासवर्ड माझ्यात घातला आणि विसरून गेला.

मग मेलच्या कंपनीनं नियम काढला. अमेरिकेतल्या फुकट खात्यांना मेलचं सॉफ्टवेअर बंद, भारतातल्यांना चालू.

"मी इथं नळाला पाणी कधी येतं याची वाट बघतोय, आणि हे मला अमेरिकेत बसवतात!" मधुसूदनराव ओरडले. शिवी कंपनीला, थापड मला.

त्यांनी हिमांशूला फोन लावला.

"बाबा, वेबसाइटवरून उघडा ना. त्यात काय एवढं?"

"पासवर्ड कोण देणार?"

"बघतो."

त्यानं बघितलं नाही. दुसरी वाट मधुसूदनरावांना माहीत नव्हती, आणि पोराला पुन्हा विचारायचं नव्हतं.

इकडे बाईंचं दुखणं वाढत चाललं. गोष्ट संपली की त्या विचारायच्या, "गेली का हो?"

"गेली."

कुठली जातेय! सगळ्या माझ्याच पोटात अडकून पडल्या होत्या.

बाई वारल्या. दिवस उरकल्यावर अमेरिकेहून आलेल्या हिमांशूनं माझ्या वायरी काढायला घेतल्या. "हा डबा भंगारात देऊ. आईनं तरी शेवटी चारुताला एक गोष्ट पाठवली का? विसरलीच तिला."

मधुसूदनरावांनी त्याच्या हातातली वायर हिसकावली, परत जोडली, मला चालू केलं आणि अडकलेली एक गोष्ट लावली. मी भरपूर वेळ घेतला. मला कसली घाई?

"चारू," भानुमतीबाई खोकत बोलायला लागल्या, "आज तुझ्या बापाची गोष्ट. उंदीर दिसला की हा ओट्यावर चढून बसायचा आणि मला हाका मारायचा..."

हिमांशू खाली बसला. "बाबा, मला सांगायचं तरी."

"सांगितलं होतं. तू बघतो म्हणालास."

पुढची गोष्ट लागली. बापलेक ऐकत राहिले, एकमेकांकडे न बघता.

मित्रांनो, म्हाताऱ्या माणसांना खातं उघडून द्याल तर देश त्यांचा भरा आणि पासवर्ड त्यांच्या हातात द्या. 'बघतो' म्हणालात तर त्याच दिवशी बघा. मला खुशाल भंगारात घाला, पण आधी माझ्या पोटातलं काढून घ्या. ते मी जपलं असं म्हणू नका. जाऊ दिलं नाही, म्हणून उरलं.