साक्ष डोळ्याची

आपण केलेला रफू शोधून दाखवेल त्याला रफूवाली चहा पाजायची, आणि वीस वर्षांत तिला कुणालाच चहा पाजावा लागला नव्हता. गेल्या चार महिन्यांत मात्र पाच जण फुकट चहा पिऊन गेले.

डावा डोळा दगा देत होता. डॉक्टरांनी आजार पहिल्याच दिवशी समजावला होता: शरीराची राखण करणारी यंत्रणाच डोळ्यावर उलटते आणि आत सूज आणते. "म्हणजे कुंपणच शेत खातंय," ती म्हणाली होती. थेंब सुरू झाले, लाली गेली. दुखणं आणि धूसरपणा मात्र जागचा हलेना. ती तीनदा दवाखान्यात आली आणि तिन्ही वेळा डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पुढे केला. सुजेची प्रथिनं नॉर्मल, म्हणजे सूज नाही, म्हणजे हा मनाचा खेळ.

चौथ्यांदा तेच ऐकलं, तेव्हा ती खुर्चीतून उठलीच नाही.

"वहिनी, चला ना. शिकलेल्या माणसाशी कशाला हुज्जत?" सोबत आलेल्या नणंदेनं तिची बाही ओढली.

"शिकलेत ना, मग कळेल त्यांना. डॉक्टर, रक्त कुठून काढलंत?"

"हातातून."

"हात माझा ठणठणीत आहे. दुखतोय तो डोळा. चोरी एका घरात आणि झडती दुसऱ्याच घराची? डोळ्याच्या आतलं पाणी काढा आणि तपासा."

"त्यासाठी डोळ्यात सुई घालावी लागेल."

"सुईवरच पोट भरतेय मी. तुमचा हात कापणार नसेल तर घाला."

नणंदेनं कपाळाला हात लावला. डॉक्टर चिडले, पण चिडून का होईना, त्यांनी डोळा बधिर करून आतलं थेंबभर पाणी काढलं.

आठवड्यानं रिपोर्ट आला. रक्तात गप्प बसलेली तीच प्रथिनं डोळ्यातल्या पाण्यात नको तितकी वाढली होती. डॉक्टरांचा आवाज एकदम खाली आला.

"तुमचंच बरोबर होतं. औषध आजच बदलतो. आता आणखी बिघडू देणार नाही."

"आणि गेली ती नजर?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. तिला रडू येत होतं आणि रागही. तिनं रागालाच पुढे केलं आणि फाइल त्यांच्यासमोर सरकवली.

"इथं तीनदा 'मनाचा खेळ' लिहिलंत. त्याच्याखाली आता खरं काय ते लिहा. उद्या दुसरा डॉक्टर हेच वाचेल."

त्यांनी लिहिलं, सही केली. रफूवालीनं उजवा डोळा तळहातानं झाकला, फाइल जवळ धरली, मग लांब धरली.

"दिसत नाही," ती म्हणाली. "मोठ्या अक्षरात लिहा."